मुलीकडच्या मंदाताई

मंदाताई पळसुले आमच्या स्लीप क्लिनिकमध्ये नर्स होत्या. निदान वेस्टमीडच्या त्या हॉस्पिटलच्या कागदोपत्री तरी नर्सच होत्या. पण पेशंट निवडायची वेळ आली की त्या नर्स राहत नसत, मुलीकडच्या होत.

"हे बघ समीर," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, "यंत्र म्हणजे आपली मुलगी. एकदा दिली की दिली. ती जन्मभर त्या माणसाच्या छातीत राहायला जाणार. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, हे आपण नाही बघायचं तर कुणी बघायचं?"

हे यंत्र म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मंदाताई वेड्या वाटतील. तशा त्या थोड्या होत्याच, पण ते वेगळं. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो. श्वास अडतो, माणूस गुदमरून दचकतो, श्वास पुन्हा सुरू होतो, आणि असं रात्रभर चालतं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यावर पहिला उपाय सीपॅपचा मास्क. यंत्राला जोडलेली नळी, नाकावर मास्क, आणि हवेच्या दाबाने घसा उघडा. ज्यांना तो मास्क खरोखरच सोसत नाही, त्यांच्यातल्या काहींना हे दुसरं यंत्र बसवता येतं. काड्यापेटीएवढं असतं. ते छातीवर कातडीखाली ठेवतात आणि त्याची एक तार जिभेच्या नसेपर्यंत नेतात. झोपताना रिमोटने चालू करायचं. मग दर श्वासाला ते नसेला हलकेच डिवचतं, जीभ पुढे सरकते आणि वाट मोकळी राहते. यंत्रं मोजकी, उमेदवार उदंड. म्हणून निवड.

मी तिथला टेक्निशियन. लोकांच्या झोपेचे आलेख वाचून पोट भरतो. सांगलीला माझी आई "मुलगा सिडनीला हॉस्पिटलात असतो" इतकंच सांगते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलते.

निवडीची मीटिंग बुधवारी सकाळी एका बिनखिडक्यांच्या खोलीत होई. सर्जन ग्रॅहम, एक-दोन डॉक्टर, मी आणि मंदाताई. पेशंटची माहिती वाचून दाखवायचं काम मंदाताईंचं. त्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेत आणि सुरू करत, "गुड बॉय. फिफ्टी-सिक्स. ओन हाउस. नो ड्रिंकिंग, ओन्ली बिअर." मग मानेचा घेर, वजन, झोपेत श्वास किती वेळा अडतो ते, आणि शेवटी सासू घरात असते की नाही ते. सुरुवातीला म्हणे लोक गोंधळायचे. मी रुजू झालो तोपर्यंत मात्र सगळी खोली त्यांच्याच भाषेत बोलायला लागली होती. ग्रॅहम सहा फूट उंचीचा, रग्बी खेळून नाक मोडून घेतलेला माणूस. तोही एखादा स्कॅन बाजूला सारून गंभीरपणे विचारायचा, "फॅमिली कशी आहे, मंदा?"

मंदाताई मूळच्या मिरजेच्या. नर्सिंगही तिथलंच. त्यांच्या आईला गावातली लग्नं जुळवायचा नाद होता आणि लेकीने तो परदेशात आणून वेगळ्या कामाला लावला. आईचं एक वाक्य त्या नेहमी सांगत. स्थळ बघायला गेलात तर बैठकीच्या खोलीत बसून काही कळत नाही, पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जावं. त्याप्रमाणे त्या पेशंटच्या घरी जात. ऑफिसच्या भाषेत त्याला ‘मास्क सपोर्ट व्हिजिट’ म्हणत. मंदाताई चकल्यांचा डबा घेऊन जात, पाणी मागत, आणि येताना त्या घराची कुंडली घेऊन येत.

डॅरेनच्या घरी गेलो तेव्हा मी बरोबर होतो. डॅरेन ट्रक दुरुस्त करायचा. आमच्या समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या, वाक्य अर्धं टाकून झोपायचा. पण त्याच्या सीपॅप यंत्राची नोंद बघावी तर मास्क रोज, रात्रभर, न चुकता लावलेला. एवढंच नव्हे, तर दुपारीसुद्धा लावलेला. मी माझी सगळी अक्कल पणाला लावून निष्कर्ष काढला की हा माणूस शिफ्टला जात असावा. मास्क इतका सोसतोय म्हटल्यावर नवीन यंत्राचा प्रश्नच नव्हता. मीटिंगमध्ये डॅरेनच्या नावावर फुली पडली.

मंदाताईंना ते पटेना. "रोज पोटभर जेवतो म्हणतोय आणि दिवसेंदिवस वाळत चाललाय," त्या म्हणाल्या. "जेवतंय कोण ते बघून यायला पाहिजे."

एका आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, आम्ही टूनगॅबीच्या पलीकडे त्याच्या घरी गेलो. डॅरेनने दार उघडलं, चकल्या घेतल्या, आणि मंदाताईंनी पाणी मागायच्या आधीच सगळा उलगडा झाला. सोफ्यावर एक बुलडॉग गाढ झोपला होता. त्याच्या नाकाडावर सीपॅपचा मास्क होता, गाडीच्या टपावर सामान बांधायच्या लवचीक पट्ट्यांनी पक्का केलेला. शेजारी यंत्र मंदपणे घुमत होतं.

डॅरेनला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. त्याने सांगितलं की मला त्या मास्कने गुदमरतं, मेट. चार दिवस लावून बघितला आणि सोडून दिला. ड्यूक बिचारा जन्मापासून घुसमटत झोपायचा, म्हणून गंमत म्हणून त्याला लावला, तर पठ्ठ्या सकाळपर्यंत हलला नाही. आता झोपायची वेळ झाली की स्वतःच यंत्रापाशी जाऊन बसतो. तुम्हाला ते परत हवंय का, असं त्याने विचारलं तेव्हा मात्र तो यंत्राच्या आड उभा राहिला होता.

मंदाताई ड्यूकच्या शेजारी जमिनीवर बसल्या. सवयीने त्यांनी मास्कच्या कडेवरून बोट फिरवलं, एक पट्टी किंचित सैल केली, आणि मला म्हणाल्या, "बघ, कुठेच हवा गळत नाही. तुला तरी जमेल का असा बसवायला?"

बुधवारी त्यांनी जाहीर केलं की मास्क कुत्र्याने वापरला आहे, डॅरेनने नाही, सबब डॅरेन पात्र आहे. मग ग्रॅहमने विचारलं की म्हणजे कुत्रा कम्प्लायंट आहे, सांगितलेलं नेमाने पाळणारा? मंदाताई म्हणाल्या, तुझ्या सगळ्या पेशंटपेक्षा जास्त. डॅरेनला यंत्र बसलं आणि तो सुधारला. जुनं यंत्र परत आणायचं मंदाताई कायमच्या विसरल्या.

नकार देण्याची त्यांची पद्धतही घरचीच होती. आपल्याकडे स्थळ नाकारताना कुणी मुलाच्या नाकाला नाक मुरडत नाही. पत्रिका जुळली नाही म्हणतात, दोन्ही घरांची अब्रू राहते. मंदाताईंनी हेच इंग्रजीत सुरू केलं. निवृत्त शाळामास्तर केव्हिनला त्यांनी हात हातात घेऊन सांगितलं, "यू आर अ व्हेरी गुड मॅन, केव्हिन. ओन्ली द हॉरोस्कोप डिड नॉट मॅच."

केव्हिन घरी गेला आणि विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने रिसेप्शनला फोन करून विचारलं की मी मकर राशीचा आहे, पण अगदी कडेवरचा, त्याने काही फरक पडेल का. तिसऱ्या दिवशी त्याने डबो गावात राहणाऱ्या नव्वदीच्या आईला फोन करून आपली जन्मवेळ विचारून घेतली. आई म्हणाली, मेंढ्यांची लोकर कापायला माणसं आली होती, त्यावरून सकाळ असावी. हे त्याने आम्हाला कळवलं. मग प्रकरण मॅनेजरपर्यंत गेलं आणि मंदाताईंना बोलावणं आलं.

मॅनेजर बाईंनी सौम्यपणे सांगितलं की यापुढे नकाराचं खरं कारण द्यायचं. मंदाताई तिथे "नो वरीज" म्हणाल्या आणि बाहेर आल्यावर माझ्यावर उखडल्या. "काय सांगू? तुझा घसा वाईट आहे, असं तोंडावर सांगू? त्याने बिचाऱ्याने स्वतः घडवलाय का तो?" पण त्याच आठवड्यात त्यांनी केव्हिनला बोलावून घेतलं आणि एकामागून एक मास्क लावून बघत राहिल्या. शेवटी एक त्याला मानवला. तो सुखाने झोपायला लागला आणि नाताळात मंदाताईंना स्वतः केलेला फ्रूटकेक देऊन गेला. स्थळ नाकारायचं, माणूस नाकारायचा नाही, असं त्या म्हणत.

गोऱ्या बायकांचं सोपं असायचं. नवरा झोपेत काय करतो असं विचारलं की त्या मोबाइलवर रेकॉर्डिंगच ऐकवायच्या. खरी पंचाईत आपल्या बायकांची. परक्यासमोर नवऱ्याची नालस्ती कशी करायची? देशपांडे वहिनींना मी विचारलं, झोपेत श्वास अडतो का? त्या म्हणाल्या, नाही हो, जरा विचार करतात. घोरतात का, तर नाही, दमतात हो दिवसभर. ताकास तूर लागू देत नव्हत्या. शेजारी बसलेले देशपांडे एव्हाना घोरायला लागले होते.

अशा वेळी मंदाताई बाईंना वेगळ्या खोलीत नेत, चहा देत, आणि स्वतःच्या नवऱ्याची गाऱ्हाणी सुरू करत. "आमचे हे झोपले की बागेतले मॅगपाय उडून जातात. एकदा शेजारच्या व्हिएतनामी बाई सांगायला आल्या, पानं उडवायचा तो लीफ ब्लोअर एवढ्या सकाळी लावू नका. मी म्हटलं, अहो, तो ब्लोअर अजून अंथरुणात आहे." समोरची बाई पदर किंवा टिश्यू तोंडाला लावून हसायची, आणि मग घरोघरी मातीच्या चुली म्हणत तिचंही तोंड उघडायचं. अर्ध्या तासाने मंदाताई बाहेर येत तेव्हा सगळी माहिती हातात असे.

या पद्धतीचा एकच तोटा होता. विनायकराव पळसुले या गृहस्थांचं नाव पश्चिम सिडनीच्या यच्चयावत मराठी बायकांना घोरण्यासाठी ठाऊक झालं होतं, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. टूनगॅबीच्या दुकानात कढीपत्ता निवडताना देशपांडे वहिनींनी त्यांना कळवळून विचारलं होतं, "भाऊजी, आता बरं आहे ना?" त्यांनी आपलं हो म्हटलं.

मला ते सगळं रचलेलंच वाटायचं. कारण विनायकरावांना पाहिल्यावर हा माणूस घोरत असेल यावर विश्वास बसत नसे. अत्यंत टापटिपीचे. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, इंजिनिअर होते, तेव्हा निवृत्त झाले होते. रविवारी सकाळी आगंतुकासारखा गेलो तरी दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केसांचा भांग सरळ. मंदाताई सांगत, लग्न झाल्यापासून मी यांना विस्कटलेलं पाहिलं नाही, पहाटे माझ्या आधी उठून केस विंचरतात. घराजवळच्या चौकातला गोल राउंडअबाउट त्यांनी स्वतः डिझाइन केला होता. पाहुणे आले की गाडीत बसवून त्यांना त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आणत.

एका सकाळी विनायकराव त्या राउंडअबाउटला वळसा न घालता सरळ त्याच्यावर चढले. चाक कठड्याला लागलं तरी त्यांना जाग आली नाही. मधल्या झुडपांत गाडी थांबली आणि ते आत शांत झोपलेले. एका सुताराने आपली यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, थांबवून काचेवर टकटक केली आणि विचारलं, यू राइट, मेट? त्यांनी डोळे उघडले, भांगावरून हात फिरवला आणि म्हणाले, पाहणी करतोय.

कुणाला लागलं नाही हे नशीब. पण डॉक्टरांनी तपासण्या केल्या, उपचार होईपर्यंत गाडी बंद केली, आणि कळलं की श्वास नुसता अडत नाही, भयंकर अडतो. हृदयावरही ताण आलेला. मास्क दिला. तो त्यांनी काही लावला नाही. कधी नाक कोरडं पडतं, कधी पट्टी काचते. मग मंदाताईंच्या डोक्यात एकच आलं, यांना यंत्र मिळालं पाहिजे. बुधवारी विनायकरावांचं नाव आलं तेव्हा त्या खुर्ची मागे सारून उठल्या. नात्यातलं स्थळ आहे, मी बाहेर बसते, असं म्हणाल्या आणि गेल्या.

त्यामुळे बायकोला विचारायचे प्रश्न माझ्या वाट्याला आले. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत मंदाताई बसल्या होत्या. फक्त या वेळी चहा मी आणला होता.

घोरतात का, मी विचारलं.

"छे," मंदाताई म्हणाल्या. "तसं काही विशेष नाही."

श्वास अडतो का? सगळ्यांचाच थोडा अडतो, म्हणाल्या. मला हसू यायला लागलं होतं. मॅगपाय, लीफ ब्लोअर, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो. गंमत म्हणून बायकांत सांगणं वेगळं आणि नवऱ्याच्या नावाने फायलीत लिहिलं जाणं वेगळं. बाकीच्या बायकांसारख्याच मंदाताईही तिथे अडकल्या होत्या. मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की ताई, तुम्ही असं म्हणालात तर यंत्र मिळायचं नाही.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"मी त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपते," शेवटी म्हणाल्या. "छाती हलायची थांबली की ढकलते. मग श्वास घेतात. परत थांबली की परत ढकलते. आता हाताला आपोआप कळतं." जरा वेळाने म्हणाल्या, "कितीतरी वर्षं झाली रे. मी झोपलेच नाहीये, समीर. आणि भीती वाटते. एखाद्या दिवशी मलाच डोळा लागला तर?"

आम्ही इतकी वर्षं त्यांच्या जांभयांची चेष्टा करत आलो होतो. स्लीप क्लिनिकची नर्स आणि जांभया देते, म्हणून. मला तेव्हा स्वतःचाच राग आला.

शेवटची पायरी कॅमेऱ्याची. औषधाने झोपवायचं, नाकातून बारीक कॅमेरा घालायचा आणि घसा कसा मिटतो ते बघायचं. दारासारखा पुढून मागे मिटला तर यंत्राचा उपयोग होतो. बटव्याची नाडी ओढावी तसा चहूबाजूंनी आवळला गेला तर जीभ कितीही पुढे सरकवा, काही होत नाही. विनायकरावांचा घसा पडद्यावर दिसला. पहिला श्वास, दुसरा श्वास, आणि सगळीकडून आत आला. बटवाच.

ग्रॅहमने हातमोजे काढले आणि कॉरिडॉरमध्ये मंदाताईंना गाठलं. तो म्हणाला की मी तरीही करून बघतो. नियम काय, नियमाला अपवाद असतात. तुझ्यासाठी मी सगळ्यांशी बोलतो. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मंदाताई आत आल्या, मला व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि उभ्यानेच बघितला. मग आणखी एकदा बघितला. त्यांनी हो म्हटलं असतं तर खोलीतल्या एकानेही तोंड उघडलं नसतं. मीही नाही.

"नको," त्या ग्रॅहमला इंग्रजीत म्हणाल्या आणि मग, त्याला कळणार नाही हे विसरून, मराठीत, "नांदणार नाही हे डोळ्यांनी बघितल्यावर मुलगी द्यायची, असं मी कधी केलं नाही. आमच्या घरात द्यायची असली तरी नाही करणार."

विनायकराव शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांच्या बोटाची क्लिप काढत होतो. मंदाताईंनी पत्रिकेचं नाव काढलं नाही. घसा चारी बाजूंनी मिटतो, यंत्र बसणार नाही, मास्कच लावावा लागेल, असं सरळ सांगितलं. ते इंजिनिअर माणूस, त्यांना कळलं. पण मान हलवून म्हणाले, मास्क जमणार नाही. का जमणार नाही, काचतो का, हवा गळते का, दुसरा बघू या का, मंदाताई विचारत राहिल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी क्लिपमध्ये फार गुंतलो असल्यासारखं दाखवलं.

"ते तोंडाला लावून तुझ्याशेजारी झोपायचं मला जमणार नाही, मंदा," ते हळू म्हणाले. "तू बघशील ना."

एवढीच गोष्ट होती. सगळं आयुष्य लोकांना मास्क लावण्यात गेलेल्या बाईला घरच्या माणसाचं हे ठाऊक नव्हतं. मंदाताईंनी त्यांच्या उशीमुळे विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं, पर्समधून कंगवा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

पुढे घरी काय झालं ते मला माहीत नाही. मंदाताईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. लेक मेलबर्नला ग्लेन वेव्हर्लीत असते, तिच्या जवळ राहायला जायचं ठरलं. जायच्या आधीच्या शनिवारी दुपारी निरोप घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. पुढची बेल वाजत नव्हती, म्हणून बाजूने मागच्या अंगणात गेलो. घरात खोकीच खोकी बांधलेली. मागच्या काचेच्या दारातून ऊन आत आलं होतं आणि तिथे दोन आरामखुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या.

एकीत विनायकराव झोपले होते. इस्त्रीचा शर्ट, सरळ भांग, आणि नाकावर मास्क. त्यांचं यंत्र चालू होतं. दुसरीत मंदाताई झोपल्या होत्या, आणि त्यांच्याही नाकावर मास्क होता. त्यांना कसलाही आजार नव्हता. त्यांच्या मास्कची नळी खुर्चीवरून खाली लोंबत होती आणि तिचं टोक फरशीवर तसंच पडलं होतं, कशालाही न जोडलेलं. त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते.

मी काचेवर टकटक करायला बोट उचललं होतं. विनायकरावांची छाती वर गेली, खाली आली, परत वर गेली. मंदाताईंचं तोंड मास्कखाली जरासं उघडं होतं आणि त्या चक्क घोरत होत्या. इतक्या वर्षांनी लागलेली ती झोप मोडायची, आणि तीही निरोप घेण्यासाठी, हे माझ्याने होईना. मी आलो तसा परत फिरलो.